चार घरं फिरून आलेली खबर

खून, दरोडे, अपहरण अशा फायली मी नोकरीत पुष्कळ हाताळल्या. तरी निवृत्तीनंतर मला वारंवार आठवतं ते असं प्रकरण, ज्यात शेवटी गुन्हाच नोंदला गेला नाही. नावं देत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून बुऱ्हाणपुरातच राहतात आणि बाजारात भेटली की नमस्कार करतात.

तेव्हा मी शहरातल्या एका थान्याचा प्रभारी होतो. आमच्या मध्य प्रदेशात पोलीस ठाण्याला थाना म्हणतात. सकाळी आलं की माझा क्रम ठरलेला: रोजनामचा वाचायचा, कोठडी पाहायची, मालखान्याची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं आणि मग स्वतःच्या वहीत दिवसभराच्या कामांची यादी करायची. थान्याचे मुंशी, म्हणजे लिखापढी सांभाळणारे हवालदार, म्हणत, "साहेब स्वर्गात गेले तरी दारावर आधी हजेरीपट मागतील."

वहीच्या मागच्या पानांवर खबऱ्यांच्या नोंदी असत. तारीख, खबर, कुणी दिली, एवढेच तीन रकाने. माझा एक नियम होता. एका तोंडून आलेली खबर म्हणजे कुजबुज. तीच दुसऱ्या तोंडून आली की कामाला लागायचं. या नियमावर मी बरीच प्रकरणं उघडली होती. राजघाटावरच्या एका नावाड्याला पाण्याच्या मोटरीच्या चोरीच्या संशयावरून अख्खा दिवस थान्यात बसवून ठेवलं होतं, तेही दोन खबऱ्यांनी सांगितलं म्हणूनच. काही निघालं नाही, संध्याकाळी सोडून दिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हे प्रकरण आलं त्या सकाळी यादीतलं पहिलंच काम बाजूला पडलं. सूत बाजारातला एक दलाल दहाबारा माणसं घेऊन थान्यात आला. हातात टाईप केलेलं आवेदन, खाली सगळ्यांच्या सह्या. आरोप एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांवर होता. सरांनी मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये खोटी बातमी पसरवून लोकांना शेअर विकायला लावले, असं त्यात लिहिलं होतं.

मला आधी त्या ग्रुपचीच माहिती घ्यावी लागली. शहरातल्या शंभरावर लोकांचा तो ग्रुप होता. लूमवाले, केळीचे व्यापारी, औषध दुकानदार, बँकेतले लोक. मोबाईलवरून परदेशी कंपन्यांचे शेअर घेता येऊ लागल्यापासून ही मंडळी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांच्या मागे लागली होती. सरांनी त्यांना घरगुती नावं ठेवली होती. जुनी, मोठी कंपनी ती थोरली. मागून येऊन तिला गाठू पाहणारी ती धाकटी. ग्रुपचे दोन तट पडले होते. "तुमची थोरली आता जिना चढताना कठडा धरते," असं एकाने लिहावं, आणि दुसऱ्याने उत्तर द्यावं, "आधी धाकटीचे दुधाचे दात पडू द्या." यांतल्या एकानेही चिप डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मीही नव्हती.

दलाल धाकटीवाला होता. त्याचं म्हणणं असं. सरांनी लिहिलं की धाकटीची नवी चिप तापते. त्याने लगेच विश्वास ठेवला नाही. पण आठवड्याभरात सुरतच्या कापड व्यापाऱ्यांच्या एका वेगळ्याच ग्रुपमधून तीच बातमी त्याला आली, तीही कंपनीच्या इंजिनिअरच्या हवाल्याने. तेव्हा त्याने धाकटीचे सगळे शेअर विकले, आणि ओळखीच्यांनाही विकायला सांगितलं. पुढे चिप बाजारात आली, व्यवस्थित चालली, आणि धाकटी जी वर गेली ती गेलीच.

"साहेब, दोन गावांहून एकच खोटी खबर येते म्हणजे काय?" दलालाने टेबलावर बोट आपटलं. "टोळी आहे. सरचा एक आदमी सुरतला बसलाय."

त्याच दुपारी लालबागेतला माझा एक जुना खबरी येऊन हळूच सांगून गेला की सरांचा सुरतमध्ये माणूस आहे. वहीत नोंद केली. दोन तोंडं झाली. नियमाप्रमाणे गुन्हा नोंदवायला हरकत नव्हती.

सरांना बोलावलं. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत साध्या चपला. वडील तापीकाठचे केळीवाले. चौकशीत मी विचारलं की मूळ मजकूर दाखवा. ते म्हणाले, काढून टाकला. इथे माझा संशय बळावला. पुरावा नाहीसा करणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो किंवा दोषी, आणि पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात.

काढून का टाकला याचं कारण त्यांनी सरळ सांगितलं. शाळेत प्राचार्याची जागा रिकामी होती आणि सोमवारी समितीची बैठक होती. ग्रुपमध्ये शिवीगाळ सुरू झाल्यावर समितीच्या एका सदस्याने त्यांना सल्ला दिला होता की या भानगडीतून नाव पुसा. त्यांनी मजकूर पुसला, आणि नाव उलट ठळक झालं. घराच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने 'ठग' लिहून गेलं होतं.

मी विचारलं, तुमच्याकडे धाकटीचे शेअर होते का? होते, आणि त्यांनी एकही विकला नव्हता. मोबाईल उघडून तारखा दाखवल्या.

"मग लोकांना विका का म्हणालात?"

"मी विका म्हणालोच नाही. एका परदेशी मंचावर चर्चा वाचली, ती कळवली. अफवा असू शकते, असंही लिहिलं होतं."

"त्याला पुरावा?"

"नाही," ते म्हणाले. "गुन्हा असेल तर जरूर नोंदवा, साहेब. फक्त सोमवारच्या आत खरं काय ते शोधा. नंतर शोधलंत तर माझ्या काय कामाचं?"

दिवस शुक्रवारचा होता. खरं सांगायचं तर चौकशीचा अर्धा वेळ मी त्यांना चिप म्हणजे काय तेच विचारत होतो. नखाएवढ्या तुकड्यावर गावभर गल्ल्या आखायच्या, आणि एक गल्ली तुंबली की सगळं गाव तापतं, असं त्यांनी समजावलं. शिकवायची हौस असलेला माणूस खोटं बोलत असला की मध्येच घाईला येतो. हे घाईला आले नाहीत. पण हे काही रोजनामच्यात लिहिता येत नाही.

शनिवारी मी दलालाच्या मोबाईलवर आलेला सुरतचा मजकूर छापून घेतला आणि थान्यातल्या महिला आरक्षकाला, म्हणजे शिपाई मुलीला, वाचायला दिला. तिच्या माहेरी, जवळच्याच शहापूरकडे, केळीची बाग होती. मजकूर हिंदीत होता. कंपनीच्या इंजिनिअरने स्वतः सांगितलं आहे, नवी चिप तापते, डंठल को धूप लग जाए तो केले का घड़ ऊपर से हरा दिखता है और एक दिन गिर जाता है, ऐसा ही होगा.

तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "साहेब, अमेरिकेतल्या या इंजिनिअरच्या बापाची केळीची बाग असेल का हो?"

मुंशी हसले. मी हसलो नाही. ज्याने घडाच्या दांड्यावर वाळकी पानं बांधली आहेत, त्यालाच माहीत असतं की दांड्याला ऊन लागलं तर घड हिरवाच्या हिरवा गळतो. हे वाक्य अमेरिकेतलं नव्हतं, सुरतचंही नव्हतं. हे आमच्या पंचक्रोशीतलं होतं.

इथून दोन रस्ते निघत होते. एक, सरांनीच सुरतला मजकूर पाठवला असेल. मग दलालाचं खरं. दोन, तो दुसऱ्या कुणाच्या हातून गेला असेल. चोरीची मोटारसायकल जशी शेवटच्या गिऱ्हाइकापासून एकेक हात मागे नेतात, तसा तो मजकूर मागे न्यायचा ठरवला. पानावर उभी रेघ मारली आणि फोन लावायला बसलो. सुरतच्या ग्रुपवर तो एका कापड दुकानातल्या माणसाने टाकला होता. त्याला तो रावेरच्या मामाकडून आला होता. "हिंदीत मी केला," हा भाचा म्हणाला, "इथे मराठी कोण वाचतं?" मामांना विचारलं. ते म्हणाले, "मला तर आमच्या साडूंनी पाठवला. मी फक्त वर कंपनीच्या माणसाची खबर म्हणून लिहिलं. साडू एवढं ठासून सांगताहेत म्हणजे आतलीच असणार ना?" आणि इंजिनिअर? तो भाच्याने घातला होता. कंपनीचा माणूस म्हणजे इंजिनिअरच असणार, असं त्याला वाटलं.

रावेरच्या मामांचे साडू म्हणजे आमचा दलाल.

आता फक्त मूळ मजकूर हवा होता. तो दिला थोरलीवाल्या एका औषध दुकानदाराने. धाकटीवाल्यांना चिडवायला त्याने सरांच्या मजकुराचा फोटो काढून ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, "तुमच्या धाकटीला ताप आलाय, गोळी देऊ का?" वर्षभराचे असे फोटो माझ्याकडे आहेत, वेळेवर कामी येतात, असं तो अभिमानाने म्हणाला. पोलिसांच्या नोंदीही कधी कधी इतक्या नीट नसतात.

रविवारी सकाळी दलालाला एकट्याला बोलावलं. टेबलावर पाच कागद क्रमाने मांडले, प्रत्येकावर आकडा घातला आणि पहिल्यापासून वाचायला सांगितलं. पहिल्या कागदावर सरांचे शब्द होते: धाकटीची नवी चिप जास्त तापते अशी चर्चा एका परदेशी मंचावर वाचली. दांड्याला ऊन लागलेला घड वरून हिरवाच दिसतो आणि एक दिवस गळतो, तसं तर नाही ना, हे पाहायला हवं. कदाचित नुसती अफवाही असेल.

दुसऱ्या कागदावर दलालाने रावेरला पाठवलेला मजकूर. त्यात चर्चा नव्हती, परदेशी मंच नव्हता, कदाचितही नव्हतं. तापते, गळतो, तसंच होणार.

त्याने दोन्ही कागद शेजारी धरून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

"हे तुम्ही कापलंत?" मी विचारलं.

"कापलं," तो म्हणाला. "मुद्दाम नाही, साहेब. हात की आदत. सूत बाजारात शायद म्हणणाऱ्या दलालाचा फोन लोक दुसऱ्यांदा उचलत नाहीत. भाव वाढणार, नाही तर पडणार. मधलं बोललं की धंदा गेला."

त्याने तिसरा, चौथा कागद वाचला. पाचव्यावर, सुरतहून परत त्याच्याकडेच आलेल्या मजकुरावर, बोट ठेवून त्याने विचारलं, "मग हा सुरतवाला आदमी कोण?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "चार घरं फिरून आलात, म्हणून ओळखू आला नाहीत."

त्याने पाचही कागद एकावर एक नीट रचले. मग दलालाने विचारलं की सरांची बैठक उद्या किती वाजता आहे. मला त्या प्रश्नामुळे तो माणूस आवडला.

आवेदनावर मी शेरा लिहिला, 'दखलपात्र गुन्हा आढळत नाही', आणि प्रत सरांना दिली. पण थान्याचा शेरा कागदावर राहतो, नाव लोकांच्या तोंडी असतं. म्हणून दलालाने तिथेच बसून ग्रुपसाठी मजकूर लिहिला आणि महिला आरक्षकाला तपासायला दिला. त्याने लिहिलं होतं की सरांची चूक नव्हती असं वाटतं, कदाचित माझ्याच हातून काही राहून गेलं.

तिने मोबाईल त्याच्यापुढे सरकवला. "काका, नको तिथं कापलंत. आता हवं तिथं कापा."

त्याने कापलं. सोमवारी बैठकीआधी तो स्वतः समितीपुढे जाऊन उभा राहिला, आणि मंगळवारी सरांच्या भिंतीला पुन्हा चुना लागला. चुना कुणी लावला ते मी विचारलं नाही. सर प्राचार्य झाले.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. लालबागेतल्या खबऱ्याला मी बोलावून विचारलं, सरांचा सुरतमध्ये माणूस आहे हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, सूत बाजारात चर्चा होती. चर्चा कोण करत होतं? दलालच. म्हणजे माझी दोन तोंडं एकच होती, आणि त्यांवर मी गुन्हा नोंदवायला निघालो होतो.

त्या दिवशी वहीत मी चौथा रकाना आखला: 'याला कुणी सांगितलं?' मग सवयीप्रमाणे मागची पानं काढून जिथे जमेल तिथे तो रकाना भरत गेलो. काही खबरी भेटले, काही नाही. नावाड्याच्या नोंदीपाशी आलो. त्याची खबर देणारे दोघंही घाटाजवळच्या एकाच टपरीवर चहा प्यायचे, आणि दोघांनीही ती टपरीवाल्याकडूनच ऐकली होती. टपरीवाल्याचं नावाड्याशी बाकड्याच्या जागेवरून भांडण होतं.

मी साध्या कपड्यांत राजघाटावर गेलो. नावाडी डब्याने नावेतलं पाणी उपसत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला, जसे थान्यात एक दिवस बसलेले लोक पुढे नेहमी उभे राहतात. मी त्याला बसायला सांगितलं. त्या प्रकरणानंतर सहा-आठ महिने बायामाणसं त्याच्या नावेत चढत नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हणालो, ती खबर खोटी होती, तुझा काही संबंध नव्हता, चूक माझी होती.

त्याने डबा बाजूला ठेवला, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"हे तर मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "पण साहेब, तुम्हाला आता कुणी सांगितलं?"

खबर ऐकणाऱ्याने विचारायचा हा पहिला प्रश्न. माझ्या नोकरीची तेवीस वर्षं झाली होती, आणि तो माझ्या वहीत आठ दिवसांपूर्वी आला होता. मी काठावर बसलो आणि त्याला चिपपासून सगळं सांगायला सुरुवात केली.