साडूचे तुपकट हात

आमच्या साडूचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी मला तोंडावर ऐकवायला नको.

तो माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. इथंच गुजरातेत, लिंबायतला रिक्षा चालवतो. मी हजीऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे, भेस्तानला तळमजल्यावर दोन खोल्यांचा का होईना, स्वतःचा फ्लॅट आहे. तरी घरात कौतुक कुणाचं? त्याचं. बट्ट्या तळाव्यात त्यानं, माझ्या रुसलेल्या आईला हसवावं त्यानं. माझी अकरा वर्षांची पोरगी तर त्याच्या रिक्षाचा आवाज ओळखून दाराकडे पळते. मी कामावरून आलो की तिची टीव्हीकडची मानसुद्धा वळत नाही.

एकाच बाबतीत मी पुढे होतो. भिंतीवर, टीव्हीच्या वर, माझं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं. एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर छाती कशी दाबायची, हे आम्हाला कारखान्यात शिकवलं होतं. आता खरं सांगतो. तिथं जमिनीवर एक रबरी पुतळा ठेवला होता आणि मी नवी पँट घातली होती. गुडघे टेकले तर इस्त्री मोडेल, म्हणून मी मागं उभा राहून नुसती मान डोलावली. सर्टिफिकेट काय, सगळ्यांनाच मिळालं.

साडूही हेच शिकून आला होता, रिक्षावाल्यांच्या शिबिरात. त्याला टी-शर्ट मिळाला आणि खमण मिळालं. "खमणासाठीच गेला असेल," असं मी बायकोला म्हणालोही होतो.

त्या रविवारी दुपारी आमच्याकडे वरण-बट्टी होती. साडू जेवायला बसला होता, तुपात बट्टी कुस्करत होता. मी कांदा फोडत होतो. बाहेर पॅसेजमध्ये पोरं पकडापकडी खेळत होती. आमची पोरगी धावत धावत आली आणि उंबऱ्याशी कोसळली. ठेच नाही, ओरडणं नाही. चालत्या पॉवरलूमचा करंट जावा तशी.

"फिट उनी!" माझी आई ओरडली. "कांदा लाव रे तिना नाकले!"

कांदा तर माझ्या हातातच होता. आमच्याकडे कोणी चक्कर येऊन पडलं की कांदा नाहीतर चप्पल, तिसरं औषध माहीत नाही. भिंतीवर सर्टिफिकेट लटकलेलं आणि त्याच्याखाली मी पोरीच्या नाकाशी कांदा धरून बसलेलो. तेवढ्यात तिनं तोंड उघडून एक आचका दिला. मग थांबली. पुन्हा एक.

"श्वास घेतेय!" मी म्हणालो.

साडू ताटावरून उठून आला होता. तिला हलवलं, हाका मारल्या, छातीकडे पाहिलं. "भाऊ, हा श्वास नाही. मासोळी पाण्याबाहेर करते तसं आहे हे. सरका."

त्यानं तिला सपाट झोपवलं, छातीच्या मधोमध तळहात ठेवला आणि दाबायला लागला. असा दाबला की मला वाटलं, पोरीची बरगडी गेली. मी त्याचा हात धरला. हो, मीच धरला. "अरे, लहान आहे ती! मोडेल!"

"हात सोडा!" एवढ्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. मग माझ्या बायकोला, "ताई, अॅम्ब्युलन्सला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. भाऊ, तुम्ही मोजा. मोठ्यानं."

मी मोजायला लागलो. तिसाला तो थांबायचा, तिचं डोकं थोडं मागं करून, नाक दाबून, तोंडानं दोनदा हवा भरायचा, की पुन्हा एकपासून. तिच्या पिवळ्या फ्रॉकवर त्याच्या हाताचं तूप लागत होतं. काही वेळानं त्याचा घाम टपटप गळायला लागला. मान वर न करता तो म्हणाला, "भाऊ, आता तुम्ही घ्या. तुम्ही तर शिकलाय ना!"

मी नाही अशी मान हलवली आणि आणखी मोठ्यानं मोजत राहिलो. तो एकटाच दाबत राहिला.

अॅम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी तिच्या छातीला मशीनच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं, एक झटका दिला. थोड्या वेळानं त्यांच्यातला एक म्हणाला, "धडकन आ गई." माझ्या हातात अजून कांदा होता.

दवाखान्यात दोन दिवसांनी तिनं डोळे नीट उघडले, पाणी मागितलं. डॉक्टर गुजराती, मोठे भले गृहस्थ. पोरीच्या हृदयाच्या विजेत जन्मापासूनच दोष आहे, ती फिट नव्हतीच, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "घरे छाती कोणे दबावी?" आणि उत्तराची वाट न पाहता माझ्याच खांद्यावर हात ठेवला. बाप ना मी. "तमे छोकरीने बचावी."

आणि मी गप्प राहिलो. एक क्षण, दोन क्षण. हात इतका छान वाटत होता खांद्यावर!

"हे नाही, ते," बायकोनं दाराशी उभ्या साडूकडे बोट दाखवलं. डॉक्टरांचा हात गेला तिकडे.

आता पोरीच्या कॉलरबोनखाली एक छोटं यंत्र बसवलंय, गडबड झाली की ते आतूनच झटका देतं. तरी घरातल्या प्रत्येकाला छाती दाबता आलीच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलंय. महिनाभर मी सर्टिफिकेटकडे बघत काढला. शेवटी एका रविवारी पोरीला घेऊन लिंबायतला गेलो. नवी पँट घातली नव्हती.

साडूनं ओट्यावर साडीच्या चिंध्यांचं गच्च गाठोडं ठेवलं. मी गुडघे टेकले. पोरगी रिक्षात बसून मोजत होती.

"कोपर सरळ, भाऊ. पोळी लाटताय का? वजन टाका."

"पप्पा, हळू होतंय," पोरगी म्हणाली. "काकांचं फास्ट असतं."

"तुला काय माहीत? तू तर झोपली होतीस!"

ती हसली नाही. "पप्पा, मला परत तसं झालं तर कोण करणार?"

"मी."

"आणि काका घरी असले तर?"

मी साडूकडे पाहिलं. तो मान खाली घालून गाठोड्याची गाठ सारखी करत होता. "तर काका सुरू करतील," मी म्हणालो. "मी मोजेन."

"दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, भाऊ," साडू म्हणाला. "एकट्यानं होत नाही. मी त्या दिवशी पार दमलो होतो."

मी पुन्हा हात ठेवला, कोपर सरळ केले. या वेळी तिसापर्यंत तिनं एकदाही टोकलं नाही.