फिनॉल आणि कपाटाची किल्ली

कंटाळा आलाय हो या जाण्यायेण्याचा. रोज अमरावतीहून एसटीनं अकोल्याला जायचं, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं आणि परत यायचं. मुलांना काय, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या आमच्या भाऊंना काय, तेच तेच सांगून तोंड दुखतं. थंडीत फिनॉल बाटलीतच गोठतं. झाकण सैल करून बाटली कोमट पाण्यात ठेवा, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. कातडीवर पडलं तर जाळतं, शिवाय तिथून रक्तात उतरतं.

हातमोज्यांची आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. नवा जोड आणला की स्टाफमधलं कुणीतरी केसांना मेंदी लावायला घरी नेणारच. शेवटी वैतागून मी ते कपाटात घातले, कुलूप ठोकलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. न्या म्हटलं आता!

प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी नेमकी मूर्तिजापूरजवळ एसटी बंद पडली. तिकडे बाहेरचे परीक्षक येऊन बसलेले. मी भाऊंना फोन लावून खेकसले, "काहीही करा, पण मी येईपर्यंत फिनॉल वितळलेलं पाहिजे." किल्लीची मला आठवणसुद्धा झाली नाही.

पोचले तेव्हा भाऊ टेबल पुसत होते. उजव्या हाताची बोटं पांढरीफटक पडलेली, बाही ओली.

"थोडंसं सांडलं, फडक्यानं पुसलं," ते म्हणाले. "काईच दुखून नाई राह्यलं, मॅडम."

फिनॉल आधी कातडी बधिर करतं, त्यामुळे न दुखणं हीच वाईट खूण. मी त्यांचा हात ओढत नेऊन नळाखाली धरला आणि शर्ट काढायला लावला.

"पोरं पाहून राह्यले ना," ते संकोचून म्हणाले.

"पाहू द्या!"

वीसेक मिनिटं नळ धो धो सोडून ठेवला. मग ऑटोनं दवाखाना गाठला. वाटेत त्यांना गरगरायला लागलं, घाम फुटला. मी इतकी घाबरले होते की त्यांनाच ओरडत होते, डोळे मिटू नका म्हणून.

भाऊ वाचले. हातही वाचला, पण दोन बोटांना अजून काही कळत नाही.

ते कामावर परतल्यावर प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हातमोजे काहून नाही घातले?" त्यांनी भाऊंना विचारलं. किल्ली माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती आणि भाऊंना ते पक्कं ठाऊक होतं.

"माहीच चूक, साहेब. इसरलो," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. थकले होते, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे भ्याले होते.

आता त्या कपाटाला कुलूप नाही. नेतात लोक हातमोजे, नेऊ देत, मी नवे आणते. रोज पोचल्यावर भाऊ मला चहा देतात, वाफाळता ग्लास त्याच दोन बोटांत धरून. मी तो घेते, आणि आजही माफी न मागता पिऊन टाकते.