रक्तानं ठेवलेली ओळख

अक्का, असोद्याहून निघालो त्या सकाळी तुम्ही माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्यात. रिक्षा दारात उभी होती. तुमचा हेमंत बॅगा ठेवत होता, आमची चार वर्षांची स्वरा आधीच आत जाऊन बसलेली. मला तिसरा महिना होता. सासू असून आईसारखा हात पाठीवर ठेवून तुम्ही कानाशी म्हणालात, "मांगे पाहू नको, माय. पाह्यलं का ते तुह्यासंगं येईन." मी पाहिलं नाही. तुमचा निरोपही धड घेतला नाही.

'ते' म्हणजे काय, हे कुणी उघड बोलत नसे. स्वरानंतरची दोन्ही बाळं गेली होती. मुलगा जन्मला तो हळदीत बुडवल्यासारखा पिवळा. चौथ्या दिवशी गेला. मुलगी पोटातच सुजून गेली. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणून रक्तावर संशय कुणी घेतला नाही. घेतला तो मी बाळंतपणात राहिले त्या मागच्या खोलीवर. तिला कुलूप लागलं. मी दिसले की बाया लेकरांना पदराआड घेऊ लागल्या. शेवटी तुम्हीच म्हणालात, "हे घर तुले मानवत नाही. जाय पुण्याले."

पुण्यातल्या आठव्या मजल्यावर मला हायसं वाटलं. इथे लिफ्टमधल्या बायका माझ्याकडे पाहून हसायच्या. मग डॉक्टरीणबाईंनी जुने कागद वाचून एक वेगळी तपासणी सांगितली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"रक्तावर ए, बी, आरएच एवढ्याच खुणा नसतात. बारीक बारीक पुष्कळ असतात. त्यातली एक तुमच्या मिस्टरांकडे आहे, तुमच्याकडे नाही. थोरलीच्या बाळंतपणात तिचं थोडं रक्त तुमच्यात मिसळलं. तुमच्या रक्तानं ती खूण परकी म्हणून ओळखून ठेवली. पुढच्या बाळांत तीच दिसली, की ते बाळाचं रक्त फोडतं."

"अजूनही?"

"ते विसरत नाही."

त्या दिवसापासून पोटावर हात ठेवायला मी घाबरू लागले.

सातव्या महिन्यात बाळाचं रक्त फार कमी झालं. ती खूण नसलेलं रक्त शोधून आणलं, आणि माझ्या पोटातून सुई घालून त्याच्या नाळेत दिलं. पडद्यावर तो दिसत होता. सुई जवळ आली तसा त्यानं हात आखडून घेतला. असं तीनदा झालं. ओम जन्मला तेव्हा तपासणीत बापाची खूण जवळजवळ सापडलीच नाही. त्याच्या अंगात बहुतेक सगळं अनोळखी माणसांचं रक्त फिरत होतं, आणि तो टाहो फोडून रडत होता.

फोनवर तुम्हाला सगळं सांगितलं.

"म्हंजे ते घरात नव्हतं?"

"नाही, अक्का. माझ्यात होतं."

दिवाळीत आलो तेव्हा मागची खोली उघडून सारवलेली होती. तुम्ही ओमला मांडीवर घेतलंत आणि माझ्याकडे न बघता डोळे पुसलेत.

आता कुणी गाव विचारलं की मी असोदा सांगते. पुण्यात माझा संसार आहे. केळीच्या बांधाशी माझी दोन लेकरं पुरलेली आहेत. दर खेपेला दुपारी तिथे जाऊन बसते. त्यांना सांगायचं असतं, की तुम्हाला न्यायला बाहेरून कुणी आलं नव्हतं. पण तोंड उघडत नाही, अक्का. मग कोण, ते सांगावं लागेल.