धाकट्यानं पुसलेला रेपो

तर काल आपण थांबलो ते कुठं, की धाकटा भाऊ बहिणीच्या खुर्चीमागं उभा राहिला आणि सगळ्या ऑफिसादेखत म्हणाला, "ताई, अजून त्या काळ्या खिडकीतच डोकं घालून बसतेस?" ऑफिस खदखदून हसलं. तिला तिथं 'खिडकीवाली' म्हणायचे ते त्यावरूनच. बाकीचे माउसच्या टिचक्या मारत चित्रांवरून फिरायचे. ही काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायची, आणि कुठल्या कुठं सर्व्हरवर ठेवलेला कोड मुकाट्यानं हिचं ऐकायचा. नवा रेपो उघड, म्हणजे कोडाची नवी कोठी बांध. याला आत घे, त्याला बाहेर काढ. सगळं एकेका कमांडीत. बोटं अशी चालायची की बघत राहावं!

आता हा भाऊ म्हणजे हिनंच हाताला धरून या धंद्यात आणलेला. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून शिकवलं. पण गड्याला कोडापेक्षा बोलणं फार छान जमायचं. बोलता बोलता मॅनेजर झाला, केबिनमध्ये गेला. ही होती तिथंच.

हिचा जीव अडकला होता एका रेपोत. बसडेपोतल्या ड्रायव्हरांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम. वडील जन्मभर बस चालवलेले. निवृत्तीनंतर ते सांगायचे आणि ही लिहायची. रेपोत कसं असतं, प्रत्येक बदलासोबत तो करणाऱ्याचं नाव आणि कारणाची एक ओळ कायमची राहते. हिच्या ओळी वाचाव्यात तर वडीलच खाकरून बोलताहेत असं वाटावं. 'बाबा म्हणतात, रात्रभर गाडी हाकलेल्याला सकाळची पाळी देणाऱ्या साहेबाला आधी त्याच गाडीत बसवा.' वडील गेल्यावर ती कधीकधी कोड बाजूला ठेवून नुसत्या त्या ओळी वाचत बसायची.

एके दिवशी तिनं नेहमीसारखा एक बदल वर पाठवला, तर खिडकीनं तो तोंडावर परत फेकला. परवानगी नाही. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मग रेपोत कोणाला किती हक्क आहेत, ते विचारणारी कमांड तिनं दिली. भावाच्या नावापुढं आलं, मालक. हिच्या नावापुढं, फक्त वाचू शकते.

तशीच उठून केबिनमध्ये गेली.

"अगं, कंपनी विकली जातेय," तो म्हणाला. "घेणाऱ्यांना समोर एकच माणूस लागतो. मनाला लावून घेऊ नकोस, घरातल्या घरातच आहे ना?"

"घरातल्या घरात होतं, तर मला खिडकीकडून का कळलं?"

"सांगितलं असतं तर तू आधीच तोंड पाडून बसली असतीस."

ती बाहेर आली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

यानं प्रोग्राम आपणच लिहिला म्हणून सांगून ठेवलं होतं, पण घेणारेही बेरकी निघाले. म्हणाले, प्रोग्राम तुम्ही लिहिलाय ना, मग उद्या आमच्यासमोर तुमच्याच हातानं कामकाज दाखवा. झाली पंचाईत! साहेब केबिनचं दार लावून काळ्या खिडकीत सराव करायला लागले. सरावापुरता एक रिकामा रेपो उघडला, जमलं, स्वारी खूश. आता तो पुसून टाकू म्हणून पुसायची कमांड दिली. या हत्याराची रीत अशी, की रेपोचं नाव दिलं नाही, तर तुम्ही ज्याच्या फोल्डरात उभे असाल तोच रेपो ते धरतं. तरी बिचारं बजावतं, खरंच पुसायचा तर पूर्ण नाव स्वतः टाईप करा. यानं समोर दिसलेलं नाव उचललं आणि न वाचताच चिकटवलं. उभा होता तो वडिलांच्या पाळ्यांच्या फोल्डरात, तेव्हा पुसला गेला तो तोच रेपो. वर आपल्या संगणकावरचा फोल्डरही उडवला, कचरापेटी रिकामी केली. टापटिपीची केवढी हौस! सर्व्हरवाले म्हणाले, परत मिळेल बहुधा, पण चौकशीला काही दिवस जातील.

संध्याकाळी तो बहिणीच्या दारात हजर. ती पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घडला प्रकार त्यानं एका दमात सांगितला.

"ताई, तुझ्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत असेल ना?"

"आहे. पहिल्या दिवसापासूनची."

"सुटलो बाई!" तो खुर्चीत कोसळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त एक कर. जुन्या बदलांचा इतिहास गाळून टाक. नुसता आजचा कोड, एका खेपेत, माझ्या नावानं चढव. त्यांना जिथंतिथं तुझंच नाव दिसलं तर मी काय तोंड दाखवू?"

"आणि बाबांच्या ओळी?"

"बाबा गेले गं. त्या ओळी आता वाचतंय कोण?"

तिच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

"हे बघ," तो घाईनं म्हणाला, "सौदा मोडला तर माझ्याबरोबर तुझीही नोकरी जाईल. पाया पडतो तुझ्या, ताई."

तिनं ती घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाली, "चढवते, पण सगळं चढवते, बाबांच्या ओळींसकट आणि माझ्या नावासकट. नुसता कोड हवा असेल तर बस आणि पहिल्या अक्षरापासून तूच लिही. आणि नोकरीचं म्हणशील, तर जिला नुसतं वाचायलाच ठेवलंय तिचं तिथून जाण्यासारखं उरलंय काय रे?"