बांधेल त्याचा ठोका

तुमच्या घरात कुणाचं काळीज कधी आणि किती धडधडतं, हे तुम्हाला खात्रीने सांगता येईल का? आम्हाला यायचं. आमच्याकडे त्यासाठी घड्याळ होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, कल्याणजवळच्या मोहने गावातली. बाबा कारखान्यात कामाला. गेटवर वाटली जाणारी पत्रकं ते खिशात कोंबून घरी आणायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे 'आई' लिहायला यायच्या आधी मला 'आंदोलन' लिहायला येत होतं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं काढू लागले. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, परदेशी शीतपेयांविरुद्ध. (शेवटचं पत्रक वाटून घसा कोरडा पडला की आम्ही लिंबू सरबत प्यायचो. बहुतेक वेळा.) बाबा मला 'पुढारीन' म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती नि वैताग किती, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी कल्याणच्या डॉक्टरांनी बाबांची नाडी धरली आणि भुवई वर केली.

"ठोके फार जलद आहेत. रोज चालायला लागा. पण चालताना एकशेवीसच्या वर जाऊ देऊ नका."

"आन जत्रंला पालखी?" बाबांनी विचारलं.

"तोवर ठोके ताब्यात आले, तर उचला. नाहीतर लांबून नमस्कार."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा आमच्या घराचा. आजोबांच्या खांद्यावरून तो बाबांच्या खांद्यावर आलेला. एक वर्ष खांदा सोडला की दांडा दुसऱ्या घरी जातो आणि परत येत नाही. दुसरं घर म्हणजे बाबांचे चुलतभाऊ किसनकाका. डॉक्टरांचं बोलणं कानावर जाताच ते तब्येतीची चौकशी करायला आले, ते खांद्यावर टॉवेलाची घडी टाकूनच!

"दादा, तू आराम कर," ते म्हणाले. "देवीला काय, माजा खांदा पन चालंल."

तत्त्व म्हणून मी पालखीच्या विरोधात होते. पण किसनकाकांच्या त्याहून जास्त विरोधात होते. मी जाहीर केलं, "आपण शास्त्रीय मार्गाने जाऊ. ठोके मोजणारं घड्याळ मिळतं. ते घेऊ."

बाबांना घेऊन मी ठाण्याला गेले. स्टेशनजवळच्या एका दुकानात परदेशी मालाचं काचेचं कपाट होतं. त्यातून दुकानदाराने तीन घड्याळं काढून मांडली.

"मॅडम, हे टॉपचं. ठोके मोजतं, शिवाय होकायंत्र आहे."

"माझे वडील मोहन्याहून आंबिवली स्टेशनपर्यंत चालणार आहेत," मी म्हणाले. "स्टेशन कुठे आहे ते त्यांना माहीत आहे."

"खोल पाण्यात पण चालतं."

"पान्यात चालनार असतो तर इथं कशाला आलो असतो?" बाबा म्हणाले.

दुसरं घड्याळ बाबांना आवडलं. त्याच्या तबकडीवर बोट टेकवून थांबायचं, मग आकडा येतो. ना वायर, ना कटकट. मी ते तिथल्या तिथे फेटाळलं. "ज्याने त्याने आपल्या सोयीने थांबायचं, दम खायचा आणि मग बोट ठेवायचं? याला काय मोजणं म्हणतात? यात लबाडीला वाव आहे!"

बाबा दुकानाबाहेर बघायला लागले.

तिसरं सगळ्यांत साधं. एक रबरी पट्टा ओला करून छातीला बांधायचा आणि घड्याळ मनगटाला. घड्याळावर एकच आकडा. होकायंत्र नाही, हिशेब नाही, चैन नाही. श्रमिकाला शोभेल असं घड्याळ!

"फक्त पट्टा आणि घड्याळ हातभर अंतरात पाहिजेत," दुकानदार म्हणाला. "लांब गेलं की नुसत्या रेघा येतात."

"भलत्याच माणसाचा आकडा नाही ना दाखवणार?"

"पट्टा ज्याच्या छातीला, नंबर त्याचा."

हे वाक्य मला इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर माझं नवं पत्रक तयार झालं. 'कसेल त्याची जमीन, बांधेल त्याचा ठोका!' माणूस खोटं बोलतो, पट्टा बोलत नाही, असा त्याचा सूर होता.

पहिल्या सकाळी मी स्वतः बाबांच्या छातीला पट्टा आवळला. ("थंड हाय गं! गुदगुल्या होतात!" "शिस्त म्हणजे गुदगुल्या नव्हेत, बाबा.") मग पुढे जाऊन आंबिवलीच्या पुलावर पत्रकं वाटत उभी राहिले. बाबा धापा टाकत पायऱ्या चढून आले. मी मनगट बघितलं. एकशेअठ्ठेचाळीस.

"असंच राहिलं तर पालखी रद्द," मी म्हणाले.

बाबा घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि खूप वेळ आपला उजवा खांदा चोळत राहिले. आई चुलीशी होती. तिने ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी पन येतय चालायला. पट्टा पन मीच बांधीन."

आणि चमत्कार झाला! (हा शब्द मी एरवी वापरत नाही.) पुलावर आकडा आला ब्याण्णव. तिसऱ्या दिवशी नव्वद. बाबा कपाळाचा घाम पुसत होते, शब्द तुटक येत होते, पण आकडा नव्वद! मी बाबांच्या दमण्यावर विश्वास ठेवला नाही. आकड्यावर ठेवला.

त्याहून मोठी क्रांती वेगळीच होती. लग्न झाल्यापासून आई बाबांच्या चार पावलं मागे चालायची. आता ती त्यांच्या अगदी बरोबरीने, हाताला हात लागेल इतकी जवळून चालत होती. शेजारच्या बायका दारात येऊन बघायच्या.

"आवं वहिनी, नवीन लगीन झालाय कं?"

आई पदर तोंडाला लावून हसायची, पण अंतर सोडायची नाही. मी तातडीने पत्रक काढलं, 'मागे नाही, बरोबर!' आणि पुलावर अभिमानाने वाटलं. स्वतःच्या घरात समता आणणारे पुढारी कितीसे असतात?

मग एके सकाळी चालून आल्यावर बाबा ओटीवर शांत बसून चहा पीत होते, आणि सहज बघावं तर घड्याळावर एकशेतीस! मला कारण शोधायचं होतं. समोर दोनच गोष्टी होत्या. बाबांच्या हातात चहा, आणि त्यांच्या शेजारी सुकटीच्या सुपात शिरलेल्या मांजरावर "हाड! हाड मेल्या!" करत झाडू उगारणारी आई. मी शास्त्रीय विचार केला आणि बाबांचा चहा बंद केला.

"पुढारीन, चहात कंय नाय गं..." बाबा कळवळून म्हणाले. आईने त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी चहा बाजूला सारला. जत्रेपर्यंत चहाचा घोट त्यांच्या पोटात गेला नाही. मी मात्र प्यायचे. माझे ठोके कुणी मोजत नव्हतं.

जत्रेचा दिवस उजाडला. पालखीखाली मनगटावर काही नको म्हणून घड्याळ मी लावलं आणि पालखीच्या पुढच्या दांड्याशेजारून चालू लागले. आई मला चिकटून. "आई, जरा मोकळं चालू दे ना!" "नको, मी इथंच बरी."

ताशा कडाडला. पालखी नाचायला लागली. ती डावीकडे झुकली की बायका किंचाळायच्या, उजवीकडे झुकली की सगळा भार बाबांच्या खांद्यावर. मागे किसनकाका टॉवेल घेऊन तयार. मी घड्याळाला डोळे लावले. शंभर. एकशेवीस. एकशेचाळीस!

"बाबा, खांदा बदला! एकशेचाळीस झाले!"

"मना कंय नाय झाला!" बाबा हसत ओरडले. खरंच हसत होते ते. गुलालात न्हालेले, दम शाबूत. मी बाबांच्या हसण्यावर विश्वास ठेवला नाही. तेवढ्यात गर्दीचा लोंढा आला, आई मागे फेकली गेली, आणि घड्याळावर आकडा गेला. नुसत्या रेघा.

माझ्या शास्त्राप्रमाणे बाबांचं हृदय बंद पडलं होतं.

मी दोन्ही हात पसरून पालखीपुढे उडी मारली. "थांबा! पालखी खाली ठेवा! बाबा गेले!"

ताशा थांबला. पालखी थांबली. आता आमच्याकडे भर मिरवणुकीत पालखी थांबते ती माणसाच्या सांगण्यावरून नाही. देवीला काही मागायचं असलं की ती थांबते. देवीचे म्हातारे भगत काठी टेकत पुढे आले.

"कोन आरवा आयला? कोनी अडवली पालखी?"

"बाबांचे ठोके बंद झालेत!" मी रडत रडत घड्याळ दाखवलं.

"मंग मी कं भूत हाय?" दांड्याखालून बाबा म्हणाले.

तेवढ्यात गर्दी फोडत आई आली, आणि घड्याळ जिवंत झालं. एकशेसाठ!

"चालू झालं! बाबा, चालू झालं!"

आई घाबरून दोन पावलं मागे सरली. रेघा. पुढे आली. एकशेसाठ. किसनकाका घड्याळात डोकावत होते. ते मोठ्याने म्हणाले, "वहिनी जवल आल्या की दादाचा कालीज चालतो!" अख्खी जत्रा हसली. बाबा गुलालातसुद्धा लाल झालेले दिसले.

आई माझ्या कानाशी आली. "बाय, पट्टा माज्या आंगावर हाय. दुसऱ्या दिवसापासून. तुज्या बापाचा खांदा जाताना मना बघवला नसता."

"पण तुझे एकशेसाठ? पुलावर तर कधी नव्वदच्या वर..."

"पुलाच्या पायऱ्या चरायला कं लागतं? हंडे वायलेत मी जलमभर." तिने एकदा दांड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आता नवरा पालखीखाली, पोरगी पालखीफुडं. मंग कं नव्वद येतील?"

मग तिने सगळ्यांदेखत बाबांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाली, "चांगला चाललाय. उचला."

पण भगत हटेनात. ज्याने पालखी अडवली, त्याने नारळ वाढवल्याशिवाय ती हलत नाही. बुवाबाजीविरुद्धचं माझं पत्रक त्या गर्दीत निम्म्यांनी वाचलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना मी ते वाचून दाखवलेलं होतं. मी नारळ वाढवला. पहिल्या फटक्यात फुटलासुद्धा नाही.

दांडा आमच्याच घरी राहिला. डॉक्टरांनी पुन्हा नाडी धरली आणि खूश झाले. रोज पूल चढून आणि चहा सोडून बाबा खरंच बरे झाले होते. डॉक्टरांनी आईचीही नाडी धरली आणि सांगितलं, "यांना काही नाही. फक्त मुलीला जरा जपून वागायला सांगा."

तेव्हा वाचकहो, एक विनंती. घरातल्या कुणासाठी असलं घड्याळ घ्यायला निघाला असाल, तर आधी त्या माणसाचं मनगट स्वतःच्या हातात धरून बघा. आणि 'बांधेल त्याचा ठोका' हे पत्रक कुणाकडे उरलं असेल, तर कृपा करून आमच्या घरी पोचवा. वाचायला नको आहे. बाबांचा चहा परत सुरू झाला आहे, आणि तापलेल्या ग्लासाखाली धरायला त्या कागदाची जाडी अगदी बरोबर आहे.