गेमबद्दल सीताराम घाडींच्या तक्रारी

सीताराम घाडींनी चौतीस वर्षं परळच्या एका इस्पितळात लिफ्ट चालवली. कुठला मजला आला हे त्यांना वासावरून कळायचं. दुसऱ्यावर बाळांच्या पावडरीचा, तिसऱ्यावर स्पिरिटचा, चौथ्यावर कँटीनमधल्या उसळीचा. अशा माणसाने स्वतःच चुकीच्या मजल्यावर उतरावं, याला आता काय म्हणायचं!

नायगावची चाळ पाडायला घेतली आणि घाडींचं बिऱ्हाड टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर आलं. इथे सगळ्या मजल्यांना एकच वास, ताज्या रंगाचा. आठव्याच दिवशी घाडी मेथीची जुडी घेऊन बाविसाव्यावर उतरले. डाव्या हाताचं दुसरं दार, वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं तेच, उघडं होतं. चाळीत उघडं दार म्हणजे सरळ आत यायचं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची कडी वाजवली नव्हती. चपला काढल्या, खुर्चीत टेकले आणि सून आज लवकर आली असं समजून म्हणाले, "सूनबाई, चहा टाक." घर नवं, सामान नवं, त्यांना फरकच कळला नाही. आतून एक परकी बाई आली आणि किंचाळली. दोन गार्डांनी त्यांना दंडाला धरून वर आणलं. मुलगा सुशांत ऑफिस टाकून धावत आला आणि त्या बाईपुढे हात जोडून उभा राहिला. घाडींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून सुशांत आणि सून आकांक्षा कामाला जाताना बाहेरून कुलूप घालू लागले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. "तुमच्याच भल्यासाठी, बाबा," सुशांत म्हणाला. मुलगा वाईट नाही हो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. उलट बाबांचा वेळ जावा म्हणून त्याने जुन्या गेमचं एक यंत्र आणलं. शर्टाच्या खिशात मावेल एवढं, आणि आत म्हणे पाचशे गेम.

खरं सांगायचं तर ते घाडींना आवडलं. मोबाइलच्या काचेवर त्यांची जाड बोटं भलतीकडेच पडायची. ह्याला खरीखुरी बटणं होती, दाबली की टक् करून वाजणारी. नेट नको, पासवर्ड नको. वरून पडणाऱ्या विटा नीट रचायच्या, रांग भरली की ती गायब. चुकलं तर जिथे जपून ठेवलं असेल तिथून पुन्हा सुरुवात, ही सोय तर त्यांना फारच मोठी वाटली. बाविसाव्या मजल्याच्या आधीचं काही असं जपून ठेवता आलं असतं तर!

पण दुपारपर्यंत विटा रचून झाल्या की घर गप्प व्हायचं. खिडकीतून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसायची, ओळखीचं कोण ते कळायचं नाही. घाडी दारापाशी जायचे, मूठ फिरवून बघायचे आणि परत यायचे. कुलूप काढ, हे मुलाला तोंडावर सांगायचं धाडस मात्र होईना. त्याचे ते जोडलेले हात आठवायचे. म्हणून त्यांनी गेमचीच तक्रार सुरू केली. गेम कुचकामी ठरला तर मुलगा दुसरा काही विचार करील, एवढाच त्यांचा हिशेब.

"पडदो लहान आसा रे. माका दिसत नाय."

सुशांतने शनिवारी नवा चष्मा करून आणला.

"अंगठो दुखता."

आकांक्षाने यंत्राला मऊ रबरी कव्हर चढवलं, बटणंही सुसह्य झाली.

"आवाज कानात घुसता." सुशांतने आवाज बंद कसा करायचा ते दाखवलं. घाडींना ते कालपासूनच ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी हुकमाचं पान काढलं. हा दोष खराच होता. "ब्याटरी अडीच तासांत संपता. मगे दिवसभर मी काय करू?"

सुशांत एकदम थांबला. बूट घालता घालता त्याने वडिलांकडे नीट पाहिलं. आता कळलं ह्याला, असं घाडींना वाटलं. "हो बाबा, खरंच की," एवढंच बोलून तो गेला.

संध्याकाळी तो पॉवर बँक घेऊन आला, लांब वायरीसकट. "आता सकाळपासून रात्रीपर्यंत चालेल. खिडकीत बसा, पलंगावर बसा. आणखी काही कमी आहे?"

मुलगा दमलेला होता आणि खूश होता. घाडींनी पॉवर बँक हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"नाय रे, बाबू," ते म्हणाले. "बरा आसा."

सकाळी दोघं निघाली. किल्ली दोनदा फिरली, लिफ्ट आली आणि गेली. घाडी उठून दारापाशी गेले. ऐकायला कुणी नाही याची खात्री झाल्यावर त्यांनी लाकडाला तोंड लावलं आणि हळूच म्हणाले, "सुशांता, दार उघडा ठेव रे."