लायब्ररीतल्या सासूबाई

चहा घ्या आधी, कारण ही फजिती ऐकताना तुम्ही हसणार आणि कप हिंदकळणार. काय करायचं, माझी नोकरी वाचवायला गेले आणि जन्माचं हसं करून घेतलं!

तेव्हा मी बदलापूरच्या एका नव्या ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. टेंपररी. संस्थेचे अध्यक्ष उल्हासनगरचे, मूळ धंदा फर्निचरचा. इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचं खूळ तेव्हा नवंनवं आलेलं. शेटनी मला बोलावलं.

"मॅडम, आपल्या वेबसाइटवर व्हिडिओ पायजे. लायब्ररी एकदम फुल दिसली पायजे. ॲडमिशन वाढली नाय तर दुसरी तुकडी बंद."

दुसरी तुकडी म्हणजे कोण? मीच की हो!

"होऊन जाईल सर," मी म्हणाले. महिना मे. विद्यार्थी सगळे गावाला. फोन लावून लावून थकले. एक जण भेटला, त्याला कांजिण्या.

मग काय, अंबरनाथ पश्चिमेला आमची बिल्डिंग, तिथली माणसं गोळा केली. शेजारच्या वहिनी, त्यांचे दीर आणि आमच्या सासूबाई. सासूबाई सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या.

"आई, फक्त पुस्तक धरून मागे बसायचं. डोकं दिसलं की झालं."

"वाचायचं नाही?"

"नाही वाचलं तरी चालेल."

"तुझ्या कॉलेजात असंच चालतं का गं?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

शूटिंगला शेटनी त्यांच्या ओळखीचा राजूभाई पाठवला. उल्हासनगरातली निम्मी लग्नं त्यानेच शूट केलेली. मी त्याला बजावलं, "आईंना मागे ठेवा हं."

"मॅडम, टेन्शन नहीं लेने का," तो म्हणाला. मी नाही घेतलं. तिथेच चुकलं.

सीडी आली. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी व्हिडिओ वेबसाइटवर चढवला. चढवल्यावर बघायला बसले, तर कॉलेजचं गेट दिसलं आणि पडद्यावर चकती गरगर फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय. म्हटलं, गेट चांगलं आलंय, पुढचंही चांगलंच असणार. आणि घरी गेले.

ॲडमिशन सुरू झाल्या त्या सकाळी ऑफिसातले शिंदे धावत आले. "मॅडम, बाहेर बायकांची ही गर्दी!"

"पोरांच्या आया असतील. द्या त्यांना फॉर्म."

"पोरांसाठी नाही हो. स्वतःसाठी मागतायत!"

मी बाहेर गेले. पन्नाशीच्या, साठीच्या बायका. एक बाई मला म्हणाल्या, "त्या व्हिडिओतल्या आजी आहेत ना, त्यांच्या वर्गात बसवा आम्हाला."

शिंद्यांच्या कॉम्प्युटरवर अखेर तो व्हिडिओ पाहिला. गेट संपलं की थेट सासूबाई! क्लोजअप. चौकटीला गुलाबाची फुलं, मागे सनई. राजूभाई विचारतो, "माँजी, कॉलेज कैसा लगता है?" आणि आमच्या आई कॅमेऱ्यात बघून म्हणतात, "मॅट्रिकनंतर लग्न झालं, शिकायचं राहून गेलं. इथं पुस्तकांत बसले आणि वाटलं, अजून उशीर झाला नाही."

राजूभाईला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, शादी में दादी का क्लोजअप छूटा तो पार्टी झगड़ा करती है. आदत है."

आता बोला! शेटना काय सांगू? पण ते तर खूश. दुसरी तुकडी भरली, माझी नोकरी राहिली. घरी जाऊन आईंना सांगितलं, तर त्या कपाटातून मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढत होत्या.

"हे कशाला, आई?"

"माझं बघून एवढ्या जणी आल्या, आणि मीच घरी बसू?"

त्या म्हणाल्या ते कॅमेऱ्यापुरतं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पहिलं लेक्चर. विषय, मागणीचा नियम. समोर पहिल्या बाकावर सासूबाई, वहीला नवं कव्हर घालून. फळ्यावर मागणीची खाली उतरणारी रेघ काढायची, ती काढली उलटी, वर चढणारी. पुसली. पुन्हा काढली, पुन्हा उलटी. शेवटी कसंबसं संपवून विचारलं, "काही शंका?"

सासूबाई हात वर करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, भाजीत मीठ जास्त झालं तर तुम्ही घरी मला किती स्पष्ट समजावून सांगता. इथं का अडखळताय?"

वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या लेक्चरला पडलेल्या त्या पहिल्याच टाळ्या. माझ्यासाठी नव्हत्या, एवढंच.